बाल्कनीतल्या सात गोण्या आणि सासूबाईंचं "लागतं कधीतरी"

पत्र आलंय ते थोडं छाटून देतेय:

"ताई, मी धनकवडीत राहते, वन बीएचके. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि आता सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, वाईजवळचं घर बंद केलं आणि सासूबाई आमच्याकडे आल्या त्या टेम्पोभर सामान घेऊनच. बाल्कनीत आत्ता काय काय आहे सांगते. तडा गेलेल्या चार बादल्या, दोन कुकर (एकाचं बूड फुगलंय), खरवडलेला निर्लेपचा तवा, कल्हई गेलेली पितळेची तीन पातेली, दोन कापसाच्या गाद्या, जुन्या कपड्यांच्या सात गोण्या, झिजलेल्या केरसुण्या, गेलेले सीएफएल दिवे, चार्जर, काच फुटलेले देवाचे फोटो आणि एक काळी छत्री जी दोन वर्षांत कोणी उघडलेली नाही. काहीही टाकायला काढलं की 'असू दे, लागतं कधीतरी'. मागच्या आठवड्यात डासांची तपासणी करणारे आले, आमच्या बादलीत अळ्या सापडल्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या फ्लॅटचा नंबर झळकला. नवरा म्हणतो आई पुढच्या महिन्यात साताऱ्याला वन्संकडे जाणारे, तेव्हा छोटा हत्ती टेम्पो बोलवू आणि सगळं एकदम काढू. मला ते पटत नाही पण दुसरं सुचतही नाही. काय कुठे टाकू, काय ठेवू, आणि त्यांना काय सांगू? - गोण्यांखाली दबलेली सून"

अगं दबलेल्या सुने,

पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग गप्प बसले, कारण तुझा नवरा जे म्हणतोय ते मी करून बसलेय. पंधराएक वर्षं झाली असतील, माझ्या सासूबाई कोल्हापूरला लग्नाला गेल्या होत्या आणि मी त्यांच्या कॉटखालची गोणी न उघडता भंगारवाल्याला देऊन टाकली. परत आल्या, कॉटखाली वाकून बघितलं, काही बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. फक्त त्यानंतर कित्येक दिवस स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना मला विचारायच्या, "देठ टाकू का गं?" रोज. त्या देठांनी मला जे ऐकवलं ते भांडून ऐकवता आलं नसतं. त्या गोणीत सासऱ्यांचा मफलर होता हे मला वर्षभराने नणंदेकडून कळलं.

तेव्हा छोटा हत्ती कॅन्सल. नवऱ्याला सांग मी सांगितलंय.

पण म्हणून सगळं ठेवायचं असं पण नाही हां, अळ्या झाल्यात म्हणजे गंमत संपली. मला यात तुझ्या सासूबाई अर्ध्या बरोबर वाटतात आणि ते अर्धं काय ते आधी समजून घे म्हणजे बोलताना सोपं जाईल. त्यांच्या गावात कुठलीच वस्तू एका जागी थांबत नव्हती. लुगडं घे. नऊवारी विरते ती आधी मधेच, बसण्याउठण्याच्या जागी, पदर आणि काठ चांगले राहतात, मग मधला विरलेला भाग कापून दोन टोकं जोडायची, दंड घालायचा म्हणतात त्याला, आणि परत वर्षभर नेसायचं. त्यानंतर ते गोधडीत जायचं नाहीतर त्याची बाळाची दुपटी व्हायची, दुपट्याचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याची शेवटची चिंधी चुलीत. चांगले कपडे बोहारणीकडे, त्याबदल्यात भांडं. पितळेला कल्हईवाला दारात, गादीला पिंजारी दारात. त्यामुळे "लागतं कधीतरी" हे त्या बाईच्या तोंडी खोटं नव्हतंच, खरंच लागायचं, आणि कोणीतरी येऊन घेऊनही जायचं. आता धनकवडीत चौथ्या मजल्यावर ना चूल ना पिंजारी ना अंगण, बोहारीण आलीच तर वॉचमन खालूनच परत पाठवतो, म्हणून प्रत्येक वस्तू तुझ्या बाल्कनीत येऊन अडकलीये. एवढंच झालंय. तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा, "ही इथून पुढे कोणाकडे जाणार आणि कधी?" उत्तर आलं तर त्या दिशेला पाठवायची. उत्तर नाही आलं तर तो कचरा, मग त्याला गोणीत भरून मान द्यायचं कारण नाही.

बादल्या आजच. हे वाचून झालं की उठ. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी असतात पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात, परत पाणी आलं की चालू. त्यामुळे घासणीने आतून खसाखसा घासायचं. चारपैकी एका बादलीला सळई तापवून बुडाला पाच-सहा भोकं पाड (खिडकी उघडी ठेवून कर, तो धूर नाकात जाऊ देऊ नकोस) आणि त्यात कढीपत्ता लावा, सासूबाईंना काम मिळेल. बाकीच्या तीन स्वच्छ धुवून भंगारात, बादलीचं प्लास्टिक विकलं जातं. इथे एक सांगते, यूट्यूबवर टाकाऊतून टिकाऊच्या नावाखाली जे बाटल्या कापून रंगवून लटकवायचं चालतं ना, त्यातलं निम्मं तीन महिन्यांनी रंग उडालेला कचरा होऊन परत त्याच बाल्कनीत असतं, वर त्यात पाणी साठतं. एक बादली, एक झाड, बास.

आता कपडे, कारण सात गोण्या म्हणजे तुझी खरी लढाई तीच आहे. एका दिवसात सात उघडू नकोस, वेड लागेल. एक गोणी, एक दुपार, चहा घेऊन, दोघी मिळून. पहिला भाग करायचा सुती आणि सिंथेटिकचा, हाताला कळलं नाही तर एक दोरा उसवून घे, चिमट्यात धर आणि सिंकवर काडी लाव. सुती असेल तर भुरभुर जळेल, कागद जळाल्यासारखा वास येईल आणि बोटाने चुरगळणारी राख उरेल. पॉलिस्टर असेल तर आक्रसून वितळेल आणि टोकाला काळा टणक मणी होईल. हे मी एवढं का सांगतेय, तर पुसायचं फडकं फक्त सुतीचंच होतं, पॉलिस्टर पाणी शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं, आणि अर्ध्या घरांत लोक त्या चकचकीत साडीची फडकी करून मग म्हणतात जुन्या कपड्याने नीट पुसलं जात नाही.

सुतीमधलं मऊ आणि मोठं ते गोधडीला. सासूबाईंना विचार त्यांना धावदोरा घालता येतो का, वाईकडच्या म्हणजे नक्की येत असणार. आता डोळ्यांना जमत नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका पुण्यातही आहेत, सोसायटीतल्या कामवाल्या मावशींना विचार, त्यांना हमखास कोणी ना कोणी माहीत असतं. चार-पाच साड्या एकात जातात. म्हणजे हिशोब कर, दोन गोधड्यांत जवळजवळ एक गोणी संपली, आणि ती पण रडारड न होता. बनियन, सुती परकर, जुने टॉवेल यांची फडकी, बनियनसारखं काच पुसायचं फडकं बाजारात विकत मिळत नाही. पण फडकी मोजून बारा. स्वयंपाकघराची सहा, बाकी घराची सहा, काठाला वेगवेगळ्या रंगाचा टाका घालून ठेवा म्हणजे संडासचं फडकं ओट्यावर येणार नाही. तेरावं ठेवायचं असेल तर बारातलं एक जायला पाहिजे.

सिंथेटिक आणि बाकीचे कपडे, त्यात घालण्यासारखे ते धुवून, बटणं बघून, घडी घालून द्यायचे. गूंज ही संस्था १९९९ पासून कपडे गोळा करून गावोगावी पोचवायचं काम करतेय, त्यांच्याकडे देता येतात, पण देताना एक कसोटी लाव, हा ड्रेस माझ्या बहिणीला हातात देताना मला लाज वाटेल का? वाटत असेल तर दान करू नकोस. २०१९ च्या महापुरात माझी मावसबहीण सांगलीत अडकली होती, ती सांगते मदतीच्या गाठोड्यांतून फाटके परकर आणि एकेक पायाचे मोजे निघाले, अंगावर ओले कपडे असताना ते गाठोडं सोडताना कसं वाटलं असेल बघ. फाटक्याचं काय मग? तर पुण्यात तुम्हाला एक सोय आहे जी सगळीकडे नाही. तुमच्या दारात कचरा घ्यायला येतात त्या ताई 'स्वच्छ' नावाच्या सहकारी संस्थेच्या असतील, ती संस्था कचरावेचकांची स्वतःची आहे, १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतूनच उभी राहिलेली. ते लोक ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भागात जुने कपडे, गाद्या, फर्निचर, ई-कचरा गोळा करतात, व्ही कलेक्ट म्हणतात त्याला. तुमच्या ताईंनाच विचार तुमच्याकडे पुढचा दिवस कधी आहे. फाटके लोकरीचे स्वेटर वगैरे असतील तर तेही त्यातच जाऊ देत, देशभरातल्या अशा चिंध्यांचं सूत करून स्वस्त ब्लँकेटं विणायचा धंदा हरियाणात पानिपतला चालतो. आपल्याकडे पानिपत म्हटलं की वेगळंच आठवतं पण तिथे आता हे होतं. आतले कपडे मात्र कुठेही देऊ नकोस, कात्रीने कापून कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात.

भांडी. फुगलेल्या बुडाचा कुकर कोणत्याही परिस्थितीत गॅसवर चढू देऊ नकोस. बूड फुगलंय याचा अर्थ तो कधीतरी कोरडा तापलाय नाहीतर आत दाब नको तितका झालाय, आणि असा धातू पुढच्या वेळी कुठे सोडेल ते सांगता येत नाही. भंगारात देताना शिट्टी आणि रिंग काढून घे आणि झाकण वेगळ्या दिवशी दे, मी असंच करते, नाहीतर तो कुकर जुन्या बाजारात घासूनपुसून परत कोणाच्या तरी घरी जाणार. दुसरा कुकर धडधाकट असेल तर रिंग आणि सेफ्टी वॉल्व्ह त्याच कंपनीचे नवीन घाल, रस्त्यावरचे नकोत, आणि वापरा की. यातच आठवलं म्हणून सांगते, गॅसची नारिंगी नळी बघ, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची, आणि जुनी काढली की मधून दोन तुकडे करूनच टाकायची. अख्खी टाकली तर कोणीतरी उचलून लावतं.

निर्लेपचा तवा. (औरंगाबादची कंपनी ती, आपल्याकडे नॉनस्टिकला नावच तिचं पडलं.) खरवडला म्हणजे त्याचं आयुष्य झालं, त्यात त्याचा काही दोष नाही, आपण स्टीलचं उलथनं घातलेलं असतं. पोटात गेलेला पापुद्रा तसा काही करत नाही, तो तसाच बाहेर पडतो, भीती आहे ती रिकामा तवा जास्त तापण्याची, तेव्हा कोटिंगचा जो धूर निघतो त्याने घरातले पाळलेले पक्षी मेल्याची उदाहरणं आहेत. आणि नेमकं हेच लोक करतात, भात किंवा बिर्याणी दमाला ठेवताना पातेल्याखाली जुना निर्लेप सरकवतात! त्या कामाला लोखंडी तवा घ्यावा. निर्लेपचा दांडा स्क्रूने काढ, खाली उरतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे भंगारवाल्याच्या भाषेत जर्मन, त्याला पत्र्यापेक्षा चांगला भाव येतो. भंगारवाला यायच्या आधी फ्रिजवरचं एक लोहचुंबक काढून ठेव. घट्ट चिकटलं ते लोखंड-पत्रा, नाही चिकटलं ते जर्मन, पितळ, तांबं किंवा चांगलं स्टील, आणि न चिकटणारं काही लोखंडाच्या ढिगात जाताना दिसलं तर "दादा, ते इकडे" एवढंच म्हणायचं. आणि बॅग वजन करायचा काटा असेल तर घरीच तोलून ठेव. काटा हातात असलेल्या बाईशी कोणी हुज्जत घालत नाही.

पितळेची पातेली मात्र देऊ नकोस गं. हे मी भावनेच्या भरात नाही सांगत, तिन्ही पातेल्यांना कल्हई केली की ती आपल्याला पुरून उरतील. कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी कर, कल्हई करणारे भेटतात, मुलाला पण घेऊन जा, त्याने रसायनशास्त्र पुस्तकात वाचलंय ते समोर बघू दे. भांडं भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर भस्सकन वर येतो आणि नाकात झोंबतो, मग कथलाची कांडी नुसती टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवतात, आणि काळपट पिवळं भांडं आतून चांदीसारखं होत जातं, अर्ध्या मिनिटाचं काम पण बघताना आपण श्वास घ्यायचा विसरतो. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट शिजवलं की ते कळकतं, ते पोटाला वाईट. आणि एक लक्षात ठेव, कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणजे रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेलीस की कल्हई गेलीच समज, आधी तेल-पाणी घालायचं मग गॅस. तीनपैकी एखाद्याला चीर असेल तर ते मोडीत घाल, पितळेच्या भांड्यांच्या दुकानात जुन्याची मोड घेतात आणि तेवढे पैसे नव्यातून वजा करतात. सासूबाईंना "मोडीत घालू" म्हटलं तर त्या लगेच हो म्हणतील बघ, "भंगारात देऊ" म्हटलं तर नाही म्हणतील. शब्दांचा खेळ असतो ग सगळा.

गाद्या कापसाच्या आहेत हे तुझं नशीब. फोमची असती तर मी हात टेकले असते, ती सहसा कोणी विकत घेत नाही, दुरुस्त होत नाही, आणि अडगळीत वर्षानुवर्षं पडते. कापूस नुसता गोळा झालेला असतो, तो पिंजला की परत फुलतो. पूर्वी पिंजारी धनुकली घेऊन अंगणात बसायचे, त्या तारेचा टणत्कार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आता दुकानांत मशीनवर पिंजतात. दोन जुन्या गाद्यांचा चांगला कापूस निवडून एक नवी गादी आणि दोन उशा सहज होतील, फक्त उन्हाळ्यात कर, पावसात कापूस दमट राहतो. बुरशीचा वास येत असेल तर मात्र पिंजून उपयोग नाही, तो भाग जाऊ दे.

सीएफएल आणि चार्जर सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, आणि हे फार घरांत चुकतं. सीएफएलमध्ये थोडा, अगदी काही मिलिग्रॅम, पण पारा असतो. अख्खे आहेत तोवर बुटाच्या खोक्यात कापड घालून ठेव आणि ई-कचऱ्याच्या दिवशी दे. फुटलाच एखादा तर झाडू नाही, व्हॅक्युम नाही, आधी खिडक्या उघड, पंखा बंद, सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढ, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा कर, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून घे आणि सगळं झाकणाच्या बरणीत. चार्जर आणि वायरी भंगारवाल्याला देऊ नकोस, कारण बरेच जण तांबं काढायला वायर जाळतात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच पोरांच्या छातीत जातो. जुना मोबाईल सापडला आणि त्याची पाठ फुगलेली दिसली तर दाबून बघू नकोस, टोचू तर अजिबात नकोस, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेव, बाहेर सावलीत, आणि पहिल्या संधीला दे.

देवाच्या फोटोंच्या काचांवरून सांगते, फुटकी काच आणि जुनी ब्लेडं नुसती पिशवीत टाकू नका रे कोणीच. तुमच्या ताई ती पिशवी हाताने उघडून निवडतात, उरलेला सुका माल विकूनच त्यांचं घर चालतं. काच चार-पाच वर्तमानपत्रांत गुंडाळ, सुतळी बांध, वर स्केचपेनने ठळक "काच" लिही आणि देताना तोंडाने पण सांग. ब्लेडसाठी माझ्याकडे जुना कॉफीचा डबा आहे, झाकणाला एक फट पाडलीये, त्यात टाकत जायचं, आमचा भरायला सहा वर्षं लागली, भरला की झाकणाला टेप लावून तसाच द्यायचा. पॅड आणि डायपर पण कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, पुण्यात त्याची मोहीमच झालीये, आणि वेगळं गुंडाळून द्यायचं हे २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच सांगितलेलं होतं, उपकार नाही करत आपण कोणावर.

आता अवघड दोन गोष्टी. केरसुणी आणि देव.

केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, लक्ष्मीपूजनाला नवी आणून हळदकुंकू वाहतो, चुकून पाय लागला तर नमस्कार करतो, मग जुनी केरसुणी कचऱ्याच्या डब्यात उलटी खोचलेली सासूबाईंना बघवणार नाही आणि त्यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. पण शिंदीची केरसुणी म्हणजे पानंच ती. बांधलेली सुतळी-वायर सोडव, कोयत्याने बोटभर तुकडे कर आणि त्या कढीपत्त्याच्या बादलीत तळाला घाल. मातीतून आली मातीत गेली, यावर कुठलीच सासू वाद घालत नाही. प्लास्टिकचे झाडू असतील तर ते लक्ष्मी नव्हेतच, ते सरळ सुक्यात.

देवाचे फोटो पिंपळाखाली नेऊन ठेवू नका आणि नदीत तर मुळीच नको, मुठेला आधीच काय कमी आहे. गणपतीची आपण विसर्जनाआधी उत्तरपूजा करतो ना, देवाला सांगतो की आता या मूर्तीतून जा, तसंच सासूबाईंना करायला सांग, त्यांना सगळं येत असणार. हळद, कुंकू, अक्षता, नमस्कार. त्यानंतर फ्रेम सुटी करायची, लाकूड वेगळं, काच वेगळी, हुक वेगळा. आतला साधा छापील कागद रात्रभर पाण्यात भिजवून हाताने लगदा कर आणि झाडाच्या मुळाशी घाल. लॅमिनेट केलेला किंवा प्लास्टिकचा असेल तर तो भिजत नाही, आणि जाळू तर नकोच, पांढऱ्या कागदात गुंडाळून सुक्यात द्यायचा. आमच्याकडे सासूबाईंनी हे स्वतःच्या हाताने केलं आणि नंतर म्हणाल्या, "सुटला बिचारा, कधीचा फुटक्या काचेत बसलाय." मी बघतच राहिले.

राहिलं त्यांना काय सांगायचं ते. लेक्चर देऊ नकोस आणि तो अळ्यांचा व्हॉट्सॲप मेसेज तर दाखवूच नकोस, त्या माऊलीने वाईचं अख्खं घर उचलून तुमच्या एका बाल्कनीत बसवलंय, तिला अजून लाजवायचं कशाला. एक प्लास्टिकचा क्रेट आण, भाजीवाल्यांकडे असतो तसा, झाकणाचा असेल तर उत्तम, आणि म्हण, "आई, हा तुमचा. यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी हात लावणार नाही." आणि खरंच लावू नकोस, त्यात त्यांनी बाटलीची झाकणं भरली तरी. तो भरला की काहीतरी काढल्याशिवाय नवीन जात नाही, एवढा एकच नियम. भंगाराचे जे पैसे येतील ते त्यांच्या हातात दे, नवऱ्याच्या नाही. आणि नवऱ्याला कामाला लाव, गाद्या खाली नेणे, तांबट आळीच्या फेऱ्या, त्याला एकदम काढायची फार हौस आहे ना, तर हप्त्याहप्त्याने काढू दे.

सासऱ्यांच्या वस्तू गोण्यांत मिसळलेल्या निघतील, निघतीलच. सदरा, टोपी, चष्म्याची केस. त्या दिवशी ती गोणी तिथेच थांबव, पुढचं काही निवडू नका, चहा परत करा.

आणि ती काळी छत्री तू यादीत शेवटी लिहिलीस, कोणी उघडलेली नाही म्हणालीस. ती कोणाची आहे हे एकदा विचारशील का? सासऱ्यांची असेल तर ती यादीतून काढ. मे संपत आला की छत्री दुरुस्तीवाले रस्त्याच्या कडेला बसायला लागतात, काडी मोडली असेल तर काडी, कापड विरलं असेल तर कापड बदलून देतात. करून आण आणि दाराच्या मागे खिळ्याला लाव. मला पुढे काय झालं ते कळव, आणि बादल्या घासल्यास का ते पण.